एक किलो खिमा, तीन रात्रींची जेवणे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पतिपत्नी दोघेही नोकरी करता. घरी आठ आणि चार वर्षांची दोन मुले आहेत आणि सासूबाई आहेत, ज्यांना आता मटणाचे तुकडे चावत नाहीत. रविवारी आपण एक किलो मटणाचा खिमा आणता, दर वेळी त्याचा एकच खिमा-मटार होतो, तो कधी पाणचट तर कधी चिवट लागतो, मुले दोन घास खाऊन उठतात आणि उरलेल्याचे काय करायचे ते सुचत नाही. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी घरात मांसाहार होत नाही. अमेरिकेत राहणारी आपली बहीण ‘ग्राउंड बीफ’ म्हणजे गोमांसाचा खिमा वापरून आठवड्यातील निम्मी जेवणे सहज उरकते, मग आपल्याला मटणाच्या खिम्यावर तसे का जमू नये, असे आपण विचारले आहे.

जमू शकते. मी गेली बावीस वर्षे ठाण्यात घरगुती डबे देते आणि त्यातील निदान पंधरा वर्षे बुधवार व शुक्रवार हे माझे खिम्याचे वार आहेत. या अनुभवावरून सांगते की आपली अडचण पाककृतींच्या तुटवड्याची नाही. आपण कच्च्या खिम्यात पहिल्याच दिवशी टोमॅटो, तिखट, गरम मसाला असे सगळे घालून एक किलोचे भवितव्य एकाच पदार्थाला बांधून टाकता. त्याऐवजी रविवारी खिमा फक्त कोरडा परतून, मीठ-हळद, कांदा आणि आले-लसणापुरता शिजवून ठेवावा आणि मसाला ज्या त्या रात्री ठरवावा. हे एवढे केले की बाकीच्या गोष्टी आपोआप सोप्या होत जातात.

सुरुवात दुकानापासून करू. आधीच दळून ठेवलेला खिमा घेऊ नये. मांडीचा आणि खांद्याचा तुकडा निवडावा, तो आपल्यासमोर धुऊन घ्यावा आणि मगच यंत्रातून काढायला सांगावा. घरी आणलेला खिमा नळाखाली धुतला की त्यात पाणी धरून राहते, आणि आपल्या खिम्याच्या पाणचटपणाचे निम्मे कारण मला तिथेच दिसते. दुकानात तुकडा धुऊन मिळाला नसेल आणि घरी धुणे भागच असेल, तर बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन पटकन धुवावा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये निथळत ठेवावा. चरबी पूर्ण काढून टाकायला सांगू नये. तीन-चार भाग मांसाला एक भाग चरबी असेल तर खिमा मऊ राहतो, आणि चिवटपणाचे एक मोठे कारण चरबीचा अभाव हेच असते. सुरीने कुटलेला खिमा चवीला अधिक चांगला असतो हे खरे आहे, परंतु सासूबाईंचा विचार करता आपण यंत्राचाच घ्यावा. एकदा काढलेला पुरतो, दोनदा काढला की त्याचा लगदा होतो.

आता परतण्याविषयी मी जरा सविस्तर लिहिते, कारण चव इथेच ठरते. आणलेल्या किलोमधून पाव किलो कच्चा खिमा बाजूला काढावा, त्याचे काय करायचे ते पुढे येईलच. उरलेला पाऊण किलो एकदम कढईत घालू नये. जाड बुडाची, पसरट कढई चांगली तापवावी, दोन चमचे तेल घालावे आणि निम्माच खिमा पसरावा. आच मोठी ठेवावी आणि पहिली दोन मिनिटे त्याला हात लावू नये. त्यानंतर पावभाजीच्या मॅशरने गठ्ठे फोडावेत. उलथन्यापेक्षा मॅशर या कामाला कितीतरी सोयीचा पडतो. थोड्याच वेळात खिमा पाणी सोडतो, करडा दिसू लागतो आणि कढईतून खदखद असा आवाज येतो. बहुतेक जण इथेच फसतात. खिम्याचा रंग बदलला म्हणजे तो परतला गेला असे समजून ते मसाला घालतात, आणि मग तो मसाला त्या पाण्यात उकडला जातो. आपण झाकण न ठेवता थांबावे. आठ-दहा मिनिटांत पाणी आटते आणि आवाज बदलतो, खदखद थांबून बारीक चरचर सुरू होते. कडेला तेल दिसू लागते, तळाशी तांबूस पापुद्रा धरतो आणि वास कच्च्या मांसाचा न राहता भाजलेल्या मांसाचा येतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या नव्या मुलींना मी घड्याळ पाहायला शिकवत नाही, हा आवाज ऐकायला शिकवते. पाणी असेपर्यंत कढईतील उष्णता उकळबिंदूच्या वर जात नाही, म्हणून खिमा उकडतो पण भाजला जात नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे.

दोन्ही भाग असे परतून झाले की ते बाजूला काढावेत. त्याच कढईत तमालपत्र, चार मिरी, दोन लवंगा आणि तीन मध्यम कांदे बारीक चिरून परतावेत. कांद्याला सुटणाऱ्या पाण्याने तळाचा पापुद्रा सुटून येतो, तो खरवडून त्यातच मिसळावा, टाकून देऊ नये. कांदा गुलाबी झाल्यावर दोन मोठे चमचे आले-लसणाचे वाटण, एक लहान चमचा हळद आणि दीड लहान चमचा मीठ घालावे, खिमा परत घालावा, अर्धी वाटी गरम पाणी शिंपडावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे शिजवावे. कुकर वापरायचा असेल तर दोन शिट्ट्या पुरतात. शेवटी झाकण काढून उरलेले पाणी आटवावे. टोमॅटो, दही, खोबऱ्याचे वाटण आणि गरम मसाला यांपैकी काहीही या टप्प्यावर घालू नये. टोमॅटो एकदा पडला की त्या खिम्याचा पराठा होत नाही, आणि खोबरे पडले की त्याचा खिमा-पाव होत नाही.

पाऊण किलो कच्च्या खिम्यातून पाणी आणि चरबी जाऊन साधारण पाचशे-साडेपाचशे ग्रॅम मांस राहते, त्यात कांद्याची भर पडते. याचे दोन भाग करावेत. एक त्याच रात्रीसाठी, दुसरा शुक्रवारसाठी.

साठवणीविषयी मी आग्रहाने सांगणार आहे. अखंड तुकड्याच्या बाबतीत जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि भाजताना ते मरतात. खिमा करताना तो पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो. म्हणून कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक, फार तर दोन दिवसच ठेवावा, आणि शिजवताना तो आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला, कोंबडीचा असेल तर ७४ अंशांना पोहोचला पाहिजे. शिजवलेला खिमा चांगल्या फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, परंतु जिथे वीज जाते तिथे मी दोन दिवसांच्या पुढे जात नाही. माझ्या सुरुवातीच्या काळातील एक प्रसंग मला आजही लख्ख आठवतो. तीन किलो शिजवलेला खिमा मी रात्री एका खोल डब्यात भरून, वर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी डबा बाहेरून गार होता, पण मधोमध चमचा घातला तर आत अजून कोमट होते आणि आंबूस वास येत होता. सगळा खिमा टाकून द्यावा लागला आणि त्या दिवशी चौदा डब्यांत अंडाकरी गेली. तेव्हापासून मी शिजलेला खिमा परातीत पातळ पसरून पंख्याखाली निववते आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तर एका तासातच, थंडाव्यात टाकते. फ्रीझरसाठी पिशवीत भरताना वडीसारखी चपटी पिशवी करावी. ती लवकर गोठते, लवकर सुटते आणि जागाही कमी घेते. वर तारीख लिहावी. अशी पिशवी दोन-तीन महिने उत्तम राहते. वापरायच्या आदल्या रात्री ती खाली फ्रिजमध्ये काढून ठेवावी. ओट्यावर ठेवून सुटवू नये, आणि एकदा सुटलेला खिमा पुन्हा गोठवू नये.

रविवारी रात्री खिमा-पाव करावा, कारण त्या दिवशी पाव ताजा मिळतो आणि आपण दमलेल्या असता. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून जो खिमा-पाव मिळतो त्याची गंमत त्याच्या साधेपणात आहे. कढईत दोन टोमॅटो बारीक चिरून तेलात पूर्ण विरघळेपर्यंत परतावेत, एक चमचा धणे-जिरे पूड, पाव चमचा गरम मसाला, मग तयार खिमा, एक वाटी मटार आणि अर्धी वाटी गरम पाणी घालावे. पाच-सात मिनिटांत तो सरसरीत होतो. मटार शेवटी घातल्यामुळे हिरवे राहतात. इथे मुलांचा प्रश्न येतो. आपण तिखट कढईत घालता आणि मग मुलांसाठी त्यात दही किंवा साखर घालून ते मारण्याचा प्रयत्न करता. त्याऐवजी मुलांचा आणि सासूबाईंचा वाटा तिखट न घालता आधी काढून घ्यावा. नंतर छोट्या कढल्यात दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करावा, त्यात एक मोठा चमचा कांदा-लसूण मसाला किंवा लाल तिखट आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या घालून ती फोडणी मोठ्यांच्या खिम्यावर ओतावी. गॅस बंद केल्याने मसाला जळत नाही आणि तवंगही सुरेख येतो. एका कढईतून दोन चवींचे जेवण असे निघते. पाव लोण्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा, सोबत लिंबू आणि कांदा द्यावा. मुलांना हाच खिमा पावात भरून, तव्यावर दाबून दिला तर ते हातात धरून खातात, आणि चार वर्षांच्या मुलासाठी ही गोष्ट चवीइतकीच महत्त्वाची असते.

बुधवारसाठी तो बाजूला काढलेला पाव किलो कच्चा खिमा. त्याच्या गोळ्या रविवारीच वळून ठेवायच्या आहेत, बुधवारपर्यंत खिमा कच्चा ठेवायचा नाही. खिम्यात दोन मोठे चमचे डाळ्याची पूड, एक चमचा आले-लसूण, मीठ, कोथिंबीर आणि चिमूटभर गरम मसाला घालून चार-पाच मिनिटे कणकेसारखा मळावा. मळल्याने खिमा चिकट होऊन स्वतःलाच धरतो, अंड्याची गरज लागत नाही. हाताला पाणी लावून सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्या वळाव्यात, ताटात सुट्या ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्याव्यात आणि मग पिशवीत भराव्यात. बुधवारी घरी आल्यावर भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि कोथिंबीर यांचे वाटण तेलात परतून त्याचा रस्सा करावा. हे वाटणही रविवारी करून ठेवता येते. रस्सा खळखळून उकळला की गोळ्या गोठलेल्याच एकेक करून सोडाव्यात आणि पहिली पाच मिनिटे डाव अजिबात घालू नये, फक्त पातेले हलवावे. बाहेरचा थर धरण्याआधी डाव लागला की गोळ्या फुटतात आणि रस्सा गढूळ होतो. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत त्या शिजतात. एक गोळी कापून पाहावी, मध्ये गुलाबीपणा राहिला असेल तर आणखी पाच मिनिटे ठेवावे. सासूबाईंसाठी यापेक्षा सोयीचे मटण मला माहीत नाही. गोळी जिभेने दाबली तरी फुटते आणि रस्सा-भात म्हणजे रस्सा-भातच असतो, आजारपणातल्या पथ्याचे जेवण वाटत नाही. मोठ्यांना ज्वारीची भाकरी असावी.

शुक्रवारी गोठवलेली पिशवी उघडायची. त्या दिवशी किती वेळ आहे त्यावर पदार्थ ठरवावा. वीस मिनिटे असतील तर पारशी घरांतून होणारा ‘खिमा पर ईडू’ करावा. पसरट तव्यात एक कांदा आणि एक टोमॅटो परतून त्यावर खिमा घालावा, वाफाळेपर्यंत गरम करून थर सारखा करावा, डावाच्या पाठीने पाच-सहा खळगे करावेत आणि प्रत्येकात एक अंडे फोडावे. वर मीठ-मिरपूड, कडेने दोन चमचे पाणी आणि घट्ट झाकण. मंद आचेवर पाच-सहा मिनिटांत अंडी धरतात. मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी बलक पूर्ण घट्ट होऊ द्यावा. माझ्याकडे डबा नेणाऱ्या एका कुटुंबातील मुलगी खिम्याला तोंड लावत नसे, पण त्यात ‘आपले’ अंडे दिसू लागल्यावर खाऊ लागली. तेच अंडे फोडून खिम्यात ढवळले की ‘खिमा घोटाळा’ नावाचा पदार्थ होतो, तोही उत्तमच लागतो, मात्र मुलांना खळग्यातले अंडे अधिक आवडते असा माझा अनुभव आहे.

पाऊण तास असेल तर खिमा-भात करावा. दोन वाट्या तांदूळ धुऊन वीस मिनिटे निथळत ठेवावेत. तुपात खडा मसाला आणि एक उभा चिरलेला कांदा तांबूस परतावा, खिमा, तीन चमचे दही आणि पुदिना घालावा, तांदूळ परतावेत आणि पावणेचार वाट्या उकळते पाणी घालावे. दही आणि खिमा यांचा ओलावा धरून मी पाणी पाव वाटी कमी घेते. सोबत काकडीची कोशिंबीर पुरे होते.

पराठा मात्र मी आपल्याला रोजच्या रात्रीसाठी सुचवणार नाही. तो चविष्ट असतो, परंतु पाच जणांसाठी लाटत उभे राहणे हे सोपे जेवण नव्हे. सीकेपी घरांतील खिम्याच्या कानवल्यांविषयीही मी हेच म्हणेन. ते सुट्टीच्या दिवशी, हाताखाली दोन माणसे असताना करावेत. खिम्याची चव पोळीत हवीच असेल तर कोरडा खिमा एका उकडलेल्या बटाट्याबरोबर कुस्करून पोळीत गुंडाळावा आणि तव्यावर तेलात फिरवून घ्यावा.

याच खिम्याचे दुसरे एक रूप गोव्यात आहे आणि ते शिकून घेण्यासारखे आहे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ‘पोटॅटो चॉप’ होतात. बटाट्याच्या मऊ पारीत व्हिनेगर घातलेला आंबटसर खिमा भरतात, रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवतात आणि कमी तेलात तळतात. तिथे हा खिमा बहुधा बीफचा असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे, परंतु या पदार्थाला मटणाचा किंवा कोंबडीचा खिमाही चांगला जमतो. आपला कोरडा खिमा तयार असेल तर त्यात एक चमचा व्हिनेगर, मिरपूड आणि चिमूटभर साखर घालावी, सारण तयार होते. बटाटे उकडल्यावर गरम असतानाच कुस्करावेत आणि पूर्ण गार झाल्यावर पारी करावी. गरम पारी तेलात उकलते. तळण्यापूर्वीचे चॉप फ्रिजमध्ये एक दिवस राहतात.

खिमा पुरवायचा असेल, किंवा महिनाअखेर असेल, तर अख्खे मसूर हा माझा हुकमी उपाय आहे. अर्धी वाटी मसूर भिजवून, बोटचेपे शिजवून दोन वाट्या खिम्यात मिसळले तर तीन माणसांचा खिमा पाच जणांना होतो आणि कोणाला तडजोड केल्यासारखे वाटत नाही. मेथीची जुडी बारीक चिरून घातली तरी चालते, मात्र मेथी आटून मीठ पुढे येते, म्हणून आधी मीठ घालू नये. सोयाबीनचा चुरा घालून पुरवण्याचा प्रयोग मी केला आणि सोडून दिला. तो रस्सा शोषून घेतो आणि मटणाची चव मागे पडते.

कोंबडीचा खिमा वापरणार असाल तर पद्धत तीच ठेवावी, परंतु पाणी आटल्यानंतर दहा मिनिटांपेक्षा जास्त शिजवू नये, नाहीतर त्याचे कोरडे दाणे होतात. त्यात चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल एक चमचा वाढवावे.

आता आपल्या बहिणीविषयी. तिच्याकडील पाकिटावर ८०/२० किंवा ९३/७ असे आकडे असतात, त्यातील पहिला आकडा मांसाचा आणि दुसरा चरबीचा असतो. ८०/२० परतताना पुष्कळ चरबी सुटते, तिला तेल घालावे लागत नाही आणि उलट चरबी ओतून काढावी लागते. ते मांस आपल्या मटणाच्या खिम्याहून लवकर शिजते, म्हणून अर्ध्या तासात तिचे जेवण होते आणि आपले होत नाही. यात आपला आळस किंवा अकुशलता काही नाही. आपला खिमा शिजायला मुळातच जास्त वेळ मागतो, आणि तो वेळ रविवारी एकदाच देऊन टाकला की बुधवारी गोळ्यांना आणि शुक्रवारी अंड्यांना लागतात ती पंधरा-वीस मिनिटेच उरतात. तिला आपल्या पद्धतीने करायचे असेल तर मीठ, हळद, आले-लसूण तेच ठेवावे आणि झाकण ठेवून शिजवण्याचा वेळ दहा मिनिटांवर आणावा. चरबी ओतताना ती सिंकमध्ये टाकू नये, गार झाली की नळीत थिजते. जुन्या डब्यात ओतून घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाकावी.

शेवटी या रविवारपुरते एवढे करावे. खिमा संध्याकाळी न आणता सकाळी आणावा. दुपारच्या जेवणाआधी परतून झाकण ठेवले की जेवणे होईपर्यंत तो शिजतो, निवतो आणि पिशवीत जातो. गोळ्या वळायला आठ वर्षांच्या मुलाला बसवावे. त्याच्या गोळ्या लहान-मोठ्या होतील, त्यातील मोठ्या शिजायला वेळ लागतो म्हणून बुधवारी त्या आधी रश्शात सोडाव्यात. कच्च्या खिम्याला हात लावल्यावर त्याने साबणाने हात धुतले की नाही, हे मात्र आपण स्वतः पाहावे.